आधी भरणारा शोधा, मग सिलिंडर घ्या: छोट्या विमानातल्या ऑक्सिजनबद्दल

जुहूला आमच्या हँगरमध्ये एक हिरवी ॲल्युमिनियमची बाटली आहे. कपाटाचं दार समुद्राच्या वाऱ्याने आपटू नये म्हणून ती दाराला टेकवून ठेवलेली असते. बाटली उत्तम आहे आणि तिच्यासोबतचा रेग्युलेटरही (दाब कमी करून गॅस सोडणारा भाग). अमेरिकेत उड्डाणाचे तास पूर्ण करायला गेलो होतो तेव्हा हौसेने घेतली आणि रिकामी करून, कागदपत्रांसह परत आणली. मुंबईत ती एकदाही भरली गेली नाही. ऑक्सिजन भरून देणाऱ्या तीन ठिकाणी नेली. तिसऱ्या ठिकाणच्या फोरमनने ती फिरवून फिरवून पाहिली, मानेवर कोरलेली अक्षरं अंगठ्याने पुसली आणि म्हणाला, "साहेब, माल चांगलाय. पण ह्याच्यावर आपल्याकडचा नंबर कुठाय? मी भरला तर माझं लायसन जाईल."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता नसलेला सिलिंडर भारतात भरता येत नाही. हे कार्यालय, म्हणजे पेसो, आपल्या नागपुरातच आहे. अमेरिकन बाटलीवर अमेरिकन परिवहन खात्याचे शिक्के असतात, आणि इथे त्यांचा उपयोग शून्य.

म्हणून या लेखाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. कॅटलॉग उघडण्याआधी भरणारा गाठायचा. त्याहीआधी एक प्रश्न आहे, तो आधी उरकतो.

तुम्हाला ऑक्सिजन खरंच लागणार आहे का?

जुहू ते धुळे, जुहू ते शिर्डी किंवा कोकण किनाऱ्याने गोव्याकडे जात असाल तर नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. सह्याद्री ओलांडायला ऑक्सिजन लागत नाही. जुहूहून निघताना तर सांताक्रूझच्या वाहतुकीखालून खालच्याच उंचीने बाहेर पडावं लागतं.

प्रश्न येतो तो एप्रिल-मेमध्ये. घाटावर दुपारी हवा उकळत असते आणि ७,००० फुटांवर विमान एसटीच्या मागच्या सीटसारखं उडतं. ढगांच्या माथ्यावरून जायचा मोह होतो, ११,००० वर वारा पाठीशी मिळतो, आणि बघता बघता तुम्ही दोन तास १२,५०० वर बसलेले असता. सेस्ना १७२ ला तिथपर्यंत चढायलाच घाम फुटतो, पण टर्बो इंजिनचं विमान सहज चढतं आणि तिथेच गफलत होते. उत्तरेकडे हिमालयाच्या बाजूला जाणार असाल तर विचारायलाच नको, लेहची धावपट्टीच १०,६८२ फुटांवर आहे.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, त्यातला ऑक्सिजनचा वाटा सुमारे १६०. दहा हजार फुटांवर तोच वाटा ११० च्या आसपास येतो. अठरा हजारांवर सगळा दाबच निम्मा. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारा जोर हा दाबच असतो, म्हणून २१ टक्के हवा भरपूर असूनही मेंदू उपाशी राहतो.

अमेरिकेचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. केबिन १२,५०० ते १४,००० फुटांवर असेल आणि तिथे ३० मिनिटांहून जास्त वेळ राहणार असाल तर वैमानिकाने ऑक्सिजन घ्यायचा, १४,००० च्या वर सतत घ्यायचा, आणि १५,००० च्या वर प्रवाशांनाही द्यायचा. आंतरराष्ट्रीय मापदंडांत हीच गोष्ट दाबात मांडलेली दिसते: ७०० हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास १०,००० फूट आणि ६२० म्हणजे जवळपास १३,०००. आपल्याला डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नागरी विमान वाहतूक आवश्यकता लागू होतात. तुमच्या विमानाच्या वर्गाचा भाग काढून एकदा नीट वाचा, कुणाच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका. माझ्यावरही नाही.

कायद्याचा आकडा वेगळा आणि शरीराचा वेगळा. दिवसा १०,००० आणि रात्री ५,००० फुटांपासूनच ऑक्सिजन घ्या, असं अमेरिकन नियामकाचंही सांगणं आहे. रात्रीचा आकडा एवढा खाली येण्याचं कारण म्हणजे डोळ्याचा पडदा ऑक्सिजनचा फार भुकेला असतो, अंधारात बघण्याची ताकद सगळ्यात आधी तिथून जाते. सिगारेट ओढणाऱ्याने स्वतःला आणखी काही हजार फूट वरच समजावं.

एकदा १३,५०० वर आम्ही तासभर होतो. ऑक्सिजन मागच्या सीटवर, बंद. शेजारी बसलेला मित्र फ्रिक्वेन्सी दोनदा चुकीची परत वाचून दाखवत होता, आणि त्याला त्याचं खूप हसू येत होतं. मलाही येत होतं. धोका नेमका हाच. गुदमरल्यासारखं काही वाटत नाही, उलट मजा वाटते. नखं निळसर झालेली दिसली तेव्हा खाली उतरलो.

भरणारा शोधणे

आता खरा मुद्दा. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, भिवंडी अशा औद्योगिक भागांत वैद्यकीय ऑक्सिजन भरून देणारे आहेत, आणि शहरात त्यांचे वितरक. विमानासाठी म्हणून वेगळा ऑक्सिजन हातोहात देणारं दुकान शोधत बसू नका. फोन करून चार प्रश्न विचारा.

पहिला: माझ्या मालकीचा सिलिंडर, माझा मलाच भरून परत देणार का? वितरकांचा धंदा बहुतेक अदलाबदलीवर चालतो, तुम्ही रिकामा द्यायचा आणि ते दुसरा भरलेला देतात. पेशंटच्या घरी हे ठीक आहे. आपल्याला मात्र तोच सिलिंडर हवा, ज्याचं पूर्वचरित्र आपल्याला माहीत आहे. माझ्या सिलिंडरवर मी पांढऱ्या रंगाने हँगरचा क्रमांक लिहिलाय आणि भरताना शक्यतो तिथे उभा राहतो.

दुसरा: गॅस द्रवरूप ऑक्सिजनपासून भरता की पीएसए प्लांटचा? २०२१ नंतर रुग्णालयांच्या आवारात पीएसए प्लांट पुष्कळ झाले. हवेतला नायट्रोजन शोषून घेऊन ते जो ऑक्सिजन देतात तो ९३ टक्क्यांच्या आसपासचा असतो. रुग्णाला तो चालतो, आपल्याला द्रवापासून भरलेला हवा. द्रवापासूनचा वैद्यकीय ऑक्सिजन किमान ९९ टक्के शुद्ध लागतो, वैमानिकांच्या श्वासासाठीचा ९९.५ टक्के. त्या अर्ध्या टक्क्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओलावा. विमानासाठीच्या ऑक्सिजनमध्ये पाण्याची वाफ जवळजवळ नसावी लागते, कारण वर थंडीत रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात तिचा बर्फ होऊ शकतो. म्हणून त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. चांगला भरणारा ते काढून देतो. कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरा बघा.

तिसरा: कोणता व्हॉल्व्ह तुमच्या भरण्याच्या जोडणीला बसतो? चौथा: हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याची, सोय तुमच्याकडे आहे की बाहेर पाठवावं लागतं?

औद्योगिक ऑक्सिजन घेऊ नका. गॅस चांगला असेलही, पण तो सिलिंडर काल वेल्डिंगच्या टॉर्चला लागलेला असू शकतो आणि टॉर्चमधून उलटा काय आत गेला हे कुणाला ठाऊक? ओळख सोपी आहे: औद्योगिक सिलिंडर अखंड काळा, वैद्यकीय काळा पण खांदे पांढरे. तारकर्लीला डायव्हिंग करून आलेले मित्र त्यांच्या बाटल्या सुचवतात. त्यांच्यात साधी दाबलेली हवा असते, ऑक्सिजन नाही. विषय संपला.

आणि मोठ्या सिलिंडरमधून लहानात घरी भरून घेण्याची युक्ती, जी अमेरिकन वैमानिक हँगरमध्ये सर्रास करतात, ती इथे करू नका. भरायला परवाना लागतो. शिवाय दाबाखालचा ऑक्सिजन झटक्यात लहान जागेत शिरला की तापतो, आणि तिथे तेलाचा अंश असेल तर पेट घेतो.

सिलिंडर निवडणे

भरणाऱ्याने होकार दिला की मग खरेदी. भारतात मान्यता असलेला, वैद्यकीय ऑक्सिजनचा, लहान आणि शक्यतो ॲल्युमिनियमचा सिलिंडर घ्या. पोलादी असेल तर मानेजवळ आयएस ७२८५ हे मानक कोरलेलं दिसेल. त्याशिवाय अनुक्रमांक, पाण्याची क्षमता, रिकामं वजन, कामाचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख असते. हायड्रो टेस्ट दर पाच वर्षांनी. तारीख उलटून गेलेला स्वस्त सिलिंडर म्हणजे चाचणीचा खर्च आणि ये-जा तुमच्या गळ्यात. कोरीव अक्षरांवर रंगाचे थर चढलेले असतील तर दुकानातच नखाने खरवडून वाचा.

रुग्णालयांत दिसणारा बी टाइप सिलिंडर दहा लिटर पाण्याच्या क्षमतेचा असतो आणि त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो. विमानात मात्र तो नको. एकट्याने पंखावर चढवताना कंबर आठवते, आणि वजनाच्या तक्त्यात एक सूटकेस कमी करावी लागते.

आकार कसा ठरवायचा? गणित शाळेतलं आहे. पाण्याची क्षमता गुणिले दाब. तीन लिटरचा सिलिंडर १५० बारपर्यंत भरला तर ४५० लिटर गॅस. त्यातला चौथा हिस्सा राखीव म्हणून विसरून जायचा, उरले साधारण ३३७. साध्या कॅन्युलाने, म्हणजे नाकातल्या नळीने, दर १०,००० फुटांमागे माणशी मिनिटाला एक लिटर हा जुना ठोकताळा. १२,००० फुटांवर एकाला १.२ लिटर, दोघांना २.४. म्हणजे ३३७ ला २.४ ने भागून १४० मिनिटं, दोन तास वीस मिनिटं. मुंबईहून निघून दोन तास वर राहणाऱ्या दोघांना हे पुरेसं आहे, तिघे असतील तर नाही.

व्हॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच पैसे वाया जातात. अमेरिकन विमानी रेग्युलेटर बरेचदा सीजीए-५४० या आट्यांच्या जोडणीचे असतात. इथल्या लहान वैद्यकीय सिलिंडरवर पिन-इंडेक्स व्हॉल्व्ह सर्वसाधारण. त्याच्या तोंडावर दोन बारीक छिद्रं असतात आणि रेग्युलेटरच्या कडीतल्या दोन पिना त्यांत बसाव्या लागतात. ऑक्सिजनसाठी ती छिद्रं दोन आणि पाच क्रमांकाच्या जागी. दुसऱ्या गॅसच्या सिलिंडरला ती कडी बसतच नाही, चूक होऊ नये म्हणूनच ही रचना. ही मांडणी आंतरराष्ट्रीय असल्यामुळे मार्ग निघतो: सिलिंडर इथला घ्या, आणि रेग्युलेटर परदेशी मागवायचा असेल तर पिन-इंडेक्सचा मागवा. माझ्या हिरव्या बाटलीचे सगळे पैसे या एका वाक्याने वाचले असते.

कडी आणि व्हॉल्व्हच्या मध्ये धातूची कड असलेली रबरी वॉशर लागते, नाण्याएवढी. ती हरवली किंवा चेपली की सगळी यंत्रणा फुस्स. दोन जादा वॉशर हेडसेटच्या पिशवीत ठेवा. विमानाच्या कप्प्यात ठेवल्या तर त्या पेनं आणि गोळ्यांच्या पाकिटांखाली जातात आणि थेट वार्षिक तपासणीला सापडतात.

सिलिंडरपासून नाकापर्यंत

डीजीसीएच्या नियमांप्रमाणे दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघत, उडणारं विमान फ्लाइट लेव्हल १५०, म्हणजे साधारण १५,००० फूट, याच्या वर जात नाही. नाकातली नळी, म्हणजे कॅन्युला, १८,००० फुटांपर्यंत चालते. तेव्हा दृश्य नियमांनी उडणाऱ्याला मास्कची गरज पडत नाही. १८,००० च्या वर मास्क आणि त्यात मायक्रोफोन हवा, आणि दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. नवख्याने कॅन्युलाच घ्यावी. बोलता येतं, पाणी पिता येतं, घाबरलेला प्रवासीही लावून घेतो.

कॅन्युला दोन जातींच्या. साधी, रुग्णालयातली, स्वस्त. दुसरी बचतीची: नाकाखाली मिशीसारखी छोटी पिशवी असते, तुम्ही श्वास सोडता तेव्हा येणारा ऑक्सिजन तिथे साठतो आणि पुढच्या श्वासात मिळतो. खर्च निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. अट एकच, श्वास नाकाने सोडायचा. वरच्या गणितातले दोन तास वीस मिनिटं या एका वस्तूने साडेचार तासांपुढे जातात, म्हणून मोठा सिलिंडर घेण्याआधी ही कॅन्युला घ्या. विमानासाठीच्या फ्लोमीटरवर, म्हणजे गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरवर, लिटरऐवजी हजार फुटांच्या खुणा असतात, आणि साध्या व बचतीच्या कॅन्युलाची पट्टी वेगवेगळी असते. चुकीच्या पट्टीवर वाचाल तर निम्माच ऑक्सिजन मिळेल.

याच्या वरची पायरी म्हणजे श्वास ओळखून तेवढ्यापुरताच फवारा देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. माउंटन हाय या कंपनीची ओटूडीटू ही त्यातली माहितीतली. गॅस फार वाचतो, पैसे बरेच जातात, आणि बॅटरी संपली की संपलं. ती घ्यायची तर साधा फ्लोमीटर आणि कॅन्युला जोडीला असू द्या. सर्दी झाली असेल तर कॅन्युला कुठलीही असो, त्या दिवशी खालूनच जा.

रुग्णालयातल्या फ्लोमीटरखाली पाण्याची बाटली असते, ती विमानात आणू नका. पाणी सांडतं, गोठतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी बॅटरीवरची यंत्रंही लोक विचारतात. बहुतेकांच्या माहितीपुस्तकात १०,००० फुटांची मर्यादा असते, म्हणजे गरज सुरू होते तिथेच ती थांबतात. आणि लडाखच्या सहलीआधी मेडिकलच्या दुकानातून घेतात ते डबे? दहा लिटरचा डबा १.२ लिटरच्या हिशेबाने आठ मिनिटं चालतो. फोटोपुरता ठीक आहे.

भरायला नेताना

आदल्या दिवशी काटा बघा. सिलिंडर पार रिकामा करू नका, थोडा दाब आत ठेवा. रिकाम्या, उघड्या सिलिंडरमध्ये मुंबईची दमट हवा शिरते, आणि पावसाळ्यात तर विचारू नका. मग आत पाणी, आतून गंज, आणि भरणारा आधी सिलिंडर साफ करायला सांगतो.

गाडीत तो आडवा लोळता कामा नये. मी जुन्या उशा लावून पट्ट्याने बांधतो, काचा थोड्या खाली ठेवतो, आणि वाटेत जेवायला थांबून गाडी उन्हात सोडत नाही. लोकलने नेण्याचा विचारही करू नका, गॅसचे सिलिंडर घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही.

हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. डोक्याला खोबरेल लावून, वडापाव खाऊन, त्याच बोटांनी व्हॉल्व्हला हात लावला तर तेलाचा थर नेमका तिथे जातो जिथे तो नको. तेल, ग्रीस, व्हॅसलीन, ओठांचं मलम, सनस्क्रीन, सगळंच लांब. आटे घट्ट फिरत असतील तर तेलाचा थेंब सोडणारा मदतनीस प्रत्येक ठिकाणी एक असतोच, त्याला आधीच सांगून ठेवा. गळती शोधायला ऑक्सिजनसाठीचंच द्रावण वापरा, भांड्यांचा साबण नको.

भरल्यावर सिलिंडर कोमट लागतो. काटा १५० दाखवेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १३५. गळती समजून भांडायला जाऊ नका. ४५ अंशांचा गॅस १५ अंशांवर आला की दाब एवढा उतरतोच. मी भरलेल्या दिवसाचा आकडा न लिहिता दुसऱ्या सकाळचा लिहितो, तापमानासकट. तिसऱ्या दिवशीही उतरत राहिला तर मात्र वॉशर बघा.

विमानात

रेग्युलेटर जोडण्याआधी व्हॉल्व्ह क्षणभर उघडून धूळ उडवा, तोंड कुणाकडेही नको. मग वॉशर, कडी, हातानेच घट्ट. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, अगदी पाव फेरा, काटा स्थिर होईपर्यंत थांबा, मग पुढे. झटक्याने उघडलं तर रेग्युलेटरमधला गॅस दाबामुळे तापतो, आगीचे किस्से तिथूनच सुरू होतात.

सिलिंडर सीटच्या मागे पक्का बांधा. खडबडीत हवेत सुटलेला तीन-चार किलोचा धातू केबिनमध्ये फिरायला नको. काटा मात्र बसल्या जागेवरून दिसला पाहिजे. वजनाच्या तक्त्यात त्याची नोंद करा. विमानात कायमची बसवलेली यंत्रणा असेल तर तिला स्वतः हात लावू नका, ते परवानाधारक अभियंत्याचं काम.

जमिनीवरच प्रत्येकाला कॅन्युला लावून बघा, तिची दोन टोकं नाकात खालच्या दिशेने वळलेली हवीत. नळी पट्ट्याच्या बकलखाली दबली नाही ना, हे बोटाने तपासा. ऑक्सिजन सुरू असताना सिगारेट नाही, हे प्रवाशाला स्पष्ट शब्दांत सांगा. "त्याला माहीत असेल" असं धरू नका.

कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेलच. तो आणा. जमिनीवर ९७-९८ दिसेल. वर जाताना दर पंधरा मिनिटांनी बघा, ९० च्या खाली जाऊ देऊ नका, आणि ९२ ला आला की फ्लो वाढवा. बोटं गार असतील किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो. त्याची एक मोठी उणीव आहे: एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येत असेल तर ऑक्सिमीटर ९८ च दाखवत राहतो, कारण त्याला दोन्ही लालच दिसतात. डोकं दुखतंय आणि आकडा छान आहे, तर हीटर बंद करा, बाहेरची हवा उघडा आणि उतरा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा डिटेक्टर घ्या.

उतरल्यावर आधी व्हॉल्व्ह बंद करा, मग नळीतला गॅस संपू द्या, काटा शून्यावर आला की फ्लोमीटर बंद. कॅन्युला ज्याची त्याची, नाव लिहून झिपच्या पिशवीत. सिलिंडर मी हँगरच्या आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, कापडी पिशवीत ठेवतो, जुहूची खारी हवा पोलादाला दोन पावसाळ्यांत खाते. व्हॉल्व्हची चावी दोरीने त्याच पिशवीला बांधलेली असते, कारण मागच्या वेळी ती घरी राहिली होती आणि आम्ही नाशिकला ८,००० वरूनच गेलो.